पाचर

दोतोंबोरीच्या मागच्या गल्लीत राहतो. डोकी कोरतो.
हातपाय आणि किमोनोवरची नक्षी पोरं कोरतात,
उशिमात्सु आणि त्याचा तोतरा भाऊ.
चेहरा माझ्याकडे, आणि केस.
कानशिलावर कातडी संपून केस सुरू होतात
तिथे तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत
अकरा केस उभे ठेवतो मी.
उभे ठेवायचे असतात ते.
पटाशी फिरते ती त्यांच्या आजूबाजूने.

त्या रात्री हिराताया धापा टाकत आला.
नागोयाहून निरोप होता: सेन्नोजो गेला.
"उद्या दुपारच्या आत बाजारात पाहिजे,
पलीकडच्या दुकानाच्या आधी."
चित्रकाराने तासाभरात काढून दिलं,
फिकट निळा पोशाख, हातात कमळ,
वर वय चौतीस, महिना, तिथी.
मेल्यानंतरचं नाव देवळाने अजून दिलं नव्हतं,
तेही हिरातायाने स्वतःच ठेवून टाकलं.

चित्र पालथं घालून चेरीच्या फळीवर चिकटवलं.
दिव्यापुढे पाण्याने भरलेला काचेचा गोळा,
सगळा उजेड एका नखावर गोळा करणारा.
लाकडात माणूस उलटा असतो.
बारा वर्षं मी सेन्नोजोला असाच ओळखत होतो,
डाव्या भुवईखालचा तीळ उजवीकडे,
वाकडं नाक भलत्या बाजूला वाकडं.
नाटकाला कधी गेलो नाही.
खेळ दिवसा असतात. उजेडही दिवसाच असतो.

पहाटेपर्यंत कानजीचे शंभर कागद छापून झाले,
दोरीवर शंभर मेलेले सेन्नोजो वाळत होते.
तेवढ्यात दार सरकलं.
प्रवासाची गवती टोपी, सर्दीने लाल झालेलं नाक.
मी म्हणालो, दुकान अजून उघडलं नाही.
कानजीचा हात मात्र कागदावर तसाच थांबला.
पाहुणा दोरीखालून वाकून आत आला,
एक ओला कागद दोन बोटांत धरून
बराच वेळ बघत राहिला.
"नाक नेमकं उतरलंय," म्हणाला.
मी त्याच्याकडे पाहिलं. चेहरा ओळखीचा होता,
पण कुणीतरी फिरवून लावल्यासारखा.

हिरातायाने जमिनीवर डोकं टेकलं.
तो म्हणाला, "उठा हो. सात प्रती द्या मला.
एक घरमालकाला, एक साकेवाल्याला,
आणि पाच अशा लोकांना
ज्यांची नावं मी विसरलोय
पण जे माझं नाव विसरत नाहीत.
पुढचे चार दिवस मी मेलेला आहे. कृपा करा."
मग शेगडीपाशी मांडी घालून बसला.
उशिमात्सुने माझ्या पायाशी पडलेल्या चिरफळ्या
ओंजळ ओंजळ आत टाकल्या,
आणि आम्ही साके गरम करून प्यायलो.
चेरीच्या धुराला गोडसर वास असतो.

नव्या वर्षात तो रंगमंचावर उतरला तो भुताच्या भूमिकेत.
म्हणतात, पाय ठेवायला जागा नव्हती.
घरमालकसुद्धा रडला म्हणे. भाडं मिळालं की नाही, माहीत नाही.

तीन वर्षांनी खरंच गेला,
कुठल्याशा बंदरगावात, तापाने, दौऱ्यावर असताना.
हिरातायाने या वेळी दोन माणसं पाठवून खात्री केली,
मग कोठारातून जुनी फळी काढली.
"एवढं वय आणि तिथी बदल," म्हणाला. "बाकी आहेच."
तारीख खोदून काढली,
त्या खड्ड्यात लाकडाची पाचर ठोकून बसवली,
तिच्यावर सदतीस कोरलं.
सांधा बोटालाही लागत नव्हता.

पण गेल्या हिवाळ्यात पुलावर तो मला दिसला होता.
डोळ्यांखाली दोन आडव्या रेघा आल्या होत्या,
हसला की तिसरी.
फळीवरचा गाल चौतीस वर्षांचा, गुळगुळीत.
हिरातायाला म्हणालो, चेहराही बदलायला हवा.
तो म्हणाला, तिथेही मार की पाचर.
मी पटाशी टेकवली आणि उचलली.
रेघ म्हणजे मागे ठेवलेलं लाकूड,
आणि त्या गालावरचं लाकूड
मी त्याच रात्री काढून टाकलं होतं.
पहाटे आमच्यासमोरच जळलं ते,
त्याने हात शेकले होते त्यावर.